दारावरची पाटी आणि घरधन्याचा शब्द

महूच्या मेन स्ट्रीटला लागून असलेल्या गल्ल्यांतून सकाळी फेरफटका मारला, तर दोन-चार दारांवर तरी पुठ्ठ्याचा एक तुकडा सुतळीने बांधलेला दिसतो. त्यावर आपल्या माळव्याच्या हिंदीत लिहिलेले असते, "कमरा किराये से देना है." खाली टेलिफोनचा नंबर. घर कोणाचे, खोली कशी, पाणी किती वेळ येते, याविषयी अवाक्षर नाही. गरजू माणूस दार ठोठावतो, भाडे विचारतो, खोली पाहून नाक मुरडतो किंवा राहतो. तो गेला की पुठ्ठा पुन्हा दारावर येतो.

या स्मरणिकेच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी असा एखादा रिकामा मजला आहे. मुलगा नोकरीनिमित्त पुण्यास, मुलगी बंगळुरूस किंवा परदेशी; खाली दोन वृद्ध माणसे आणि वर कुलूप. कोणी या मजल्याला सदनिकेचे रूप देऊन ती महिन्याने देतात, कोणी यात्रेकरूंना दिवसाने देतात. हा आता एक स्वतंत्र व्यवसाय झाला आहे. त्याचे नाव, त्याची ओळख, त्याची पत कशी उभी करावी, याचा पाठ या लेखात मांडावयाचा आहे. इंग्रजीत यालाच 'ब्रँड' म्हणतात. विषय व्यापाराचा आहे खरा. परंतु घर हे नुसते दुकान नव्हे, म्हणून तो कुटुंबाने एकत्र बसून वाचावा अशी विनंती आहे.

छाप म्हणजे काय

'ब्रँड' या शब्दाचे मूळ जळत्या लाकडात आहे. गुरे ओळखता यावीत म्हणून तापलेल्या लोखंडाने त्यांना डाग देत. त्या डागाला हा शब्द लागला आणि पुढे मालावरच्या खुणेला. आपल्याकडे 'अमुक छाप' विडी, 'तमुक छाप' काडेपेटी म्हणत, ती हीच कल्पना. गिऱ्हाईक छाप पाहून माल घेते, कारण मागच्या वेळी त्या छापाचा माल चांगला निघालेला असतो. म्हणजे छापाला किंमत येते ती पूर्वीच्या अनुभवाने. रंग, चित्र, अक्षर ही केवळ आठवणीची साधने आहेत.

राहण्याच्या जागेला अशी कीर्ती कशी लाभते, याचे मराठी माणसाला परिचित उदाहरण मुंबईचे सरदारगृह. क्रॉफर्ड मार्केटजवळची ती उतरण्याची जागा. लोकमान्य टिळक मुंबईस आले म्हणजे तेथे उतरत, आणि १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांचे देहावसान तेथेच झाले. त्या इमारतीचे नाव महाराष्ट्राच्या इतिहासात गेले ते पाटीच्या सौंदर्यामुळे नव्हे. कोण माणसे तेथे विश्वासाने उतरत, यावरून जागेची ओळख ठरली. पाहुणाच अखेर घराला नाव देतो.

याच्या उलट बाजूचा धडा आपल्या गावाच्या नावात आहे. महू हे इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांपासून, 'मिलिटरी हेडक्वार्टर्स ऑफ वॉर' यापासून बनले, असे आजही ठासून सांगितले जाते. वस्तुतः ते येथील जुन्या खेड्याचे नाव. महिदपूरची लढाई २१ डिसेंबर १८१७ रोजी झाली, मंदसोरचा तह ६ जानेवारी १८१८ रोजी झाला, आणि त्यानंतर इंग्रजांनी येथे छावणी वसवली. खेडे त्यापूर्वीचे. परंतु छावणीची ओळख इतकी प्रबळ झाली की लोकांनी नावाला नवा अर्थ चिकटवला. पुढे २००३ साली गावाचे अधिकृत नाव डॉ. आंबेडकर नगर झाले, आणि रेल्वे स्थानकावरही तेच नाव आले. तरी बोलण्यात 'महू' टिकून आहे. नाव आपण ठेवतो, पण त्यात अर्थ भरतात ते लोक. तुमच्या घराच्या नावातही काय भरायचे ते तुम्ही वागून ठरवले नाही, तर लोक आपल्या मनाने काहीतरी भरतील.

पहिला प्रश्न : येणार कोण?

नाव शोधण्यापूर्वी पाहुणा ओळखावा. महूस खोली शोधणारे साधारणपणे चार प्रकारचे.

पहिले लष्करी कुटुंब. इन्फंट्री स्कूल, लष्कराचे दूरसंचार अभियांत्रिकी महाविद्यालय आणि आर्मी वॉर कॉलेज येथे शिक्षणक्रमासाठी अधिकारी येत असतात. त्यांच्या भेटीस आई-वडील येतात, कधी पत्नी व मुले काही आठवडे राहू इच्छितात. यांना शिस्त, वेळेवर पाणी आणि कागदपत्रांतील चोखपणा हवा.

दुसरा वर्ग विद्यार्थी व अध्यापकांचा. गावातील पशुवैद्यकीय महाविद्यालय, डॉ. आंबेडकर सामाजिक विज्ञान विद्यापीठ आणि सिमरोलची आयआयटी यांच्याशी संबंध असलेली ही माणसे. यांना अभ्यासाचे टेबल, चांगला दिवा, अखंड इंटरनेट आणि रात्री उशिरा आत येण्याची सोय लागते.

तिसरे पीथमपूरच्या कारखान्यांत काही दिवसांच्या कामास आलेले तंत्रज्ञ. हे पहाटे निघतात, रात्री परततात. स्वच्छ अंथरूण, गरम पाणी आणि सकाळी सहाला चहा मिळाला की ते तृप्त.

चौथे यात्रेकरू आणि प्रवासी. पाताळपाणीचा धबधबा, जानापाव, पुढे मांडू व महेश्वर पाहणारे यात येतात. परंतु सर्वांत मोठा समुदाय येतो तो भीम जन्मभूमीच्या दर्शनास. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी याच छावणीत झाला, आणि दर वर्षी त्या दिवशी महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून कुटुंबेच्या कुटुंबे येथे उतरतात. त्यांत वृद्ध आई-वडील असतात, तान्ही मुले असतात, आणि वर एप्रिलचे ऊन असते.

या चौघांनाही एकाच घराने खूश करणे कठीण. विद्यार्थ्यासाठी रात्री बारापर्यंत दार उघडे ठेवणारे घर पहाटे उठणाऱ्या तंत्रज्ञाला त्रासाचे वाटते. म्हणून आपल्या जागेस, आपल्या वयास व आपल्या स्वभावास झेपेल असा मुख्य पाहुणा आधी निवडावा. 'सर्वांसाठी सर्व सोयी' असे लिहिणारी पाटी कोणाच्याच लक्षात राहत नाही. मात्र एक सावधगिरी येथेच नोंदवून ठेवतो. निवड करावयाची ती गरजेची. माणसाच्या जातीची किंवा धर्माची नव्हे. या मुद्द्याकडे पुढे सविस्तर यावयाचे आहे.

दुसरा प्रश्न : शब्द काय द्यायचा?

उदाहरणासाठी एक घर कल्पू. दुमजली वाडा, खाली आजी-आजोबा, वर दोन खोल्या, लहान स्वयंपाकघर व न्हाणीघर. आजींनी ठरवले की लष्करी कुटुंबे व त्यांचे पाहुणे हा आपला मुख्य वर्ग. आता त्यांनी काय आश्वासन द्यावे?

नातू संगणकावर जाहिरात लिहितो : "आलिशान, सर्वसुखसोयींनी युक्त, घरासारखे वातावरण." आजींनी ती खोडून काढावी. आलिशान म्हणजे काय हे पाहुणा आपल्या मनाने ठरवतो, आणि आपल्या मनातल्या चित्राशी खोली ताडून पाहतो. त्याऐवजी आजींनी पाचच वाक्ये लिहावीत. चादरी व उशांचे अभ्रे प्रत्येक पाहुण्यास धुतलेले मिळतील. गरम पाणी सकाळी साडेपाच ते नऊ मिळेल. सांगितलेल्या भाड्याहून एक रुपया अधिक घेतला जाणार नाही. अनामत रक्कम किल्ली परत देताच हातात मिळेल. अडचण आल्यास खालच्या मजल्यावर माणूस हजर असेल.

या पाचही गोष्टी मोजता येतात. म्हणून त्या पाळल्या की नाही हे कोणालाही सांगता येते. ज्यात आपण कमी पडतो तेही स्पष्ट लिहावे : जिना उंच आहे, उद्वाहक नाही, गाडी रस्त्यावर उभी करावी लागेल, उन्हाळ्यात पाणी जपून वापरावे लागते. गुडघेदुखीच्या माणसाला उंच जिन्याची खबर आधी मिळाली तर तो दुसरीकडे जाईल, आणि जाताना तुमचे नाव चांगलेच घेईल. तोच माणूस सामानासह जिन्याच्या पायथ्याशी आला तर तो वाईट बोलेल, आणि त्याचे म्हणणे रास्त असेल.

छायाचित्रांचेही असेच. जगभर पसरलेल्या एअरबीएनबी या कंपनीचा आरंभ बोधप्रद आहे. २००७ साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को शहरी एक परिषद भरली, हॉटेले भरून गेली, तेव्हा भाडे देण्याची भ्रांत पडलेल्या दोन तरुणांनी आपल्या बिऱ्हाडात हवेच्या गाद्या टाकून तिघा पाहुण्यांना जागा दिली. पुढील वर्षी त्याचा रीतसर व्यवसाय झाला, पण धंदा रेंगाळत होता. चालकांनी न्यूयॉर्कमधल्या घरांच्या जाहिराती पाहिल्या तेव्हा उमगले की छायाचित्रे अंधारी व अस्पष्ट असून पाहणाऱ्याला खोलीचा अंदाजच येत नाही. ते स्वतः घरोघर गेले आणि उजेडात, नीट छायाचित्रे काढली. मागणी वाढली. कंपनीचे आजचे सुबक बोधचिन्ह मात्र २०१४ सालचे. आधी खोली नीट दाखवली, चिन्ह मागाहून आले; हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे.

आपण छायाचित्र काढावे ते दिवसा, खिडक्या उघडून, आणि जे पाहुण्याला मिळणार आहे तेवढेच त्यात असावे. शेजारच्या घरातून आणलेला गालिचा छायाचित्रापुरता अंथरू नये. न्हाणीघराचे चित्र अवश्य द्यावे. अनुभवी प्रवासी प्रथम तेच पाहतो.

तिसरा प्रश्न : नाव कोणते?

आता नाव. चांगले नाव लहान असते, बोलताना अडखळत नाही, मराठी-हिंदी-इंग्रजी तिन्हींत सारखेच उच्चारता येते, आणि टेलिफोनवर एकदा सांगितले की ऐकणाऱ्याला लिहिता येते. मोठी जोडाक्षरे भारदस्त दिसतात, पण रिक्षावाल्याला सांगताना जीभ अडते. अंगणातले झाड, दारातला पार, जिन्याचा रंग, अशी डोळ्यांना दिसणारी वस्तू नावात आली, तर शोधणाऱ्याला पत्ताही सापडतो आणि नावही आठवते. अंगणात निंब असेल तर 'निंबोणी' हे साधे नाव 'रॉयल रेसिडेन्सी'पेक्षा शतपट बरे. ते खरे आहे म्हणून बरे.

कायद्याची बाजूही पाहावी. व्यापारचिन्ह अधिनियम १९९९ प्रमाणे नावाची नोंदणी करता येते. ती १० वर्षे टिकते व पुढे दर १० वर्षांनी नूतनीकरण होते. तात्पुरत्या निवासाची सेवा ४३ व्या वर्गात मोडते. सदनिका भाड्याने देण्याचा व्यवहार ३६ व्या वर्गात. केवळ स्थळ सांगणारे किंवा केवळ वस्तूचे वर्णन करणारे नाव सामान्यतः नोंदले जात नाही. 'महू रूम्स' हे नाव कोणाच्याही एकट्याच्या मालकीचे होणे कठीण, कारण महूही सर्वांचे आणि खोल्याही सर्वांच्या. आपल्याआधी तेच नाव कोणी नोंदले आहे काय, हे सरकारच्या व्यापारचिन्ह संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते. आणि नोंदणी झालेली नसताना वर्तुळातले 'आर' हे अक्षर नावापुढे लावू नये. कायद्याने ते निषिद्ध आहे.

आपल्या गावी आणखी एक मोह होतो. छावणीचे गाव म्हणून 'सेना', 'आर्मी', 'मिलिटरी' असे शब्द नावात घालावे, पाटीवर अशोकस्तंभ किंवा एखाद्या पलटणीचे चिन्ह काढावे, असे वाटते. ते करू नये. बोधचिन्हे व नावे यांच्या गैरवापरास प्रतिबंध करणारा १९५० चा कायदा आहे. सरकारचा आश्रय असल्याचा भास निर्माण करणारी नावे, राष्ट्रीय चिन्हे, तसेच महात्मा गांधी व छत्रपती शिवाजी महाराज यांची नावे व चित्रे व्यापारासाठी परवानगीवाचून वापरता येत नाहीत. बाबासाहेबांच्या नावाविषयी मी कायद्याचा नव्हे, विवेकाचा प्रश्न विचारतो. त्यांचे नाव पाटीवर लावून खोलीचे भाडे १४ एप्रिलला चौपट करणारे घर त्या नावाचा मान राखते काय?

चौथा प्रश्न : दार कोणासाठी उघडेल?

येथे या पाठाचा गाभा आहे. इतर सर्व गोष्टी एक वेळ कमी-अधिक झाल्या तरी चालतील.

१९१७ साली बाबासाहेब परदेशातील शिक्षण घेऊन आले व बडोदे संस्थानच्या नोकरीवर रुजू होण्यास बडोद्यास गेले. संस्थानच्या साहाय्यावर त्यांचे उच्च शिक्षण झाले होते. पदवी होती, नोकरी होती, भाडे देण्यास पैसे होते. नव्हती ती राहायला जागा. हिंदू हॉटेलात जात सांगून प्रवेश मिळणार नाही आणि जात लपवून राहणे मनाला पटेना. अखेर पारशी लोकांसाठी असलेल्या एका विश्रामगृहात, तेथील रखवालदाराच्या संमतीने, पारशी नाव नोंदवून त्यांना राहावे लागले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेली डझनभर माणसे दारात आली आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचा हुकूम देऊन गेली. बाबासाहेब दोघा मित्रांकडे गेले, एक हिंदू व एक ख्रिस्ती. दोघांनीही सभ्य भाषेत असमर्थता दाखवली. मग मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते बागेत बसून राहिले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लिखाणात त्यांनी स्वतःच हे सांगितले आहे.

ज्या गावी तो पुरुष जन्मला त्या गावी आपण खोल्या भाड्याने देत आहोत. आणि पाहुणा दारात आला की आपल्यापैकी कित्येक घरांतून पहिला प्रश्न कोणता येतो? "आडनाव काय?" त्यानंतर "कुठले तुम्ही?" आणि मग, आवाज थोडा खाली आणून, "म्हणजे कुठल्या समाजाचे?" उत्तर मनाजोगते नसले तर, खोली नुकतीच दिली गेली आहे, असे नम्रपणे सांगितले जाते. पुठ्ठा मात्र दुसऱ्या दिवशीही दारावर असतो. बडोद्याच्या त्या दोन मित्रांची भाषा अशीच नम्र होती.

हा रोग केवळ आपलाच नाही. वर सांगितलेल्या अमेरिकन कंपनीच्या सेवेवर हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी एक प्रयोग केला. पाच शहरांतील सुमारे ६,४०० घरमालकांना त्यांनी सारख्याच मजकुराच्या विनंत्या पाठवल्या. फरक फक्त पाहुण्याच्या नावात. जे नाव कृष्णवर्णीय समाजाचे म्हणून ओळखू येई, त्याला होकार मिळण्याचे प्रमाण १६ टक्क्यांनी कमी आढळले. निंदा झाली, आणि २०१६ साली कंपनीला भेदभावविरोधी नियम करून प्रत्येक घरमालकाकडून तो मान्य करून घ्यावा लागला. दोन वर्षांनी तिने आणखी एक बदल केला : पाहुण्याचे छायाचित्र घरमालकाला होकार दिल्यानंतरच दिसू लागले. इतका पैसा व इतके सुंदर चिन्ह असलेल्या कंपनीचे नावही कशाने काळवंडले? कोठे तरी एका घरमालकाने नाव वाचून दार लावले, आणि अशी दारे हजारोंनी निघाली, यामुळे.

आपल्या देशात राज्यघटनेच्या १५ व्या अनुच्छेदाने हॉटेले, दुकाने यांत धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून मज्जाव करण्यास बंदी केली आहे, आणि अस्पृश्यतेच्या आचरणाबद्दल १९५५ च्या कायद्यात शिक्षा सांगितली आहे. परंतु शिक्षेच्या भीतीने उघडलेल्या दारात पाहुण्याला घरपण लाभत नाही. म्हणून माझी सूचना अशी की आपल्या पाच वचनांत हे सहावे, किंबहुना पहिलेच, वचन घालावे : येथे खोली मोकळी असेल तर ती प्रथम येणाऱ्यास मिळेल, आडनाव फक्त नोंदवहीसाठी विचारले जाईल.

यावर एक प्रामाणिक शंका येते. "आमच्या घरी सामिष अन्न शिजत नाही, मग काय करावे?" घराचा नियम असू शकतो, तो खोलीच्या वापराविषयीचा असावा, सर्वांना सारखा लागू असावा, आणि भाडे ठरण्यापूर्वी लेखी सांगितलेला असावा. 'वरच्या स्वयंपाकघरात मांसाहार शिजवू नये' हा नियम झाला. पाळावयाचा की दुसरे घर पाहावयाचे, हे पाहुणा ठरवील. 'तुम्ही तो खातच असाल' असे आडनावावरून ठरवून दार लावणे हा नियम नव्हे. ती जुनी शिवाशिवच, नवे कपडे घालून आलेली. आपली मुले परक्या शहरात बिऱ्हाड शोधत फिरतात, तेव्हा त्यांनाही कोणी भाषा विचारते, कोणी आहार विचारते, कोणी अविवाहित म्हणून नाकारते. त्यांच्या तोंडून ते ऐकताना आपल्याला जे वाटते ते स्मरावे.

पाचवा प्रश्न : एकट्याने की मिळून?

दोन खोल्यांच्या मालकाला जाहिरात, नोंदणी, संगणक हे सर्व एकट्याने झेपत नाही. तेव्हा आठ-दहा घरांनी मिळून एकच नाव घ्यावे, असा विचार कोणी मांडील. तो चांगला आहे. पण त्यातली जोखीम ओळखून घ्यावा. २०१३ साली गुडगावात एका हॉटेलापासून सुरू झालेली ओयो ही कंपनी अशाच कल्पनेवर वाढली : जागा निरनिराळ्या मालकांच्या, पाटी एक, सोयींचे माप एक. अशा पाटीचा लाभ असा की एका घरी सुखाने राहिलेला पाहुणा दुसऱ्या घरीही विश्वासाने येतो. तोटाही त्याच वाटेने येतो. एका घरात ढेकूण निघाले की दहाही घरांत ढेकूण आहेत असे लोक धरून चालतात.

म्हणून एकत्र येणाऱ्यांनी पाटी रंगवण्यापूर्वी तीन गोष्टी कागदावर आणाव्यात. समान वचने कोणती. ती पाळली जातात की नाही हे कोण, किती दिवसांनी, घरात येऊन पाहील. आणि दोनदा चूक करणाऱ्या घरावरून पाटी उतरवण्याचा अधिकार कोणाला. तिसरी गोष्ट सर्वांत अवघड, कारण ज्याची पाटी उतरवायची तो आपला व्याही किंवा बालमित्र असतो. ते धैर्य नसेल तर प्रत्येकाने आपले वेगळे नाव ठेवलेले बरे.

छावणीच्या हद्दीतील घरांबाबत एक इशारा आवश्यक आहे. येथील कित्येक बंगले 'ओल्ड ग्रँट' पद्धतीचे आहेत. तेथे जमीन सरकारची असून वास्तूवर अधिकार धारकाचा असतो. अशा ठिकाणी वापराचा हेतू बदलणे, खोल्या वाढवणे किंवा वास्तूचे तुकडे पाडणे परवानगीवाचून करता येत नाही. तेव्हा कागद घेऊन आधी छावणी मंडळाच्या कचेरीत विचारावे, मग सुताराला बोलवावे. पाहुण्याची ओळखपत्रे पाहून नोंदवहीत लिहावीत, महिन्याने राहणाऱ्या भाडेकरूची माहिती पोलिस ठाण्यास द्यावी, आणि परदेशी नागरिक उतरल्यास त्याची खबर २४ तासांच्या आत ठरलेल्या नमुन्यात सरकारला कळवावी. लष्करी गावात हे विशेष कटाक्षाने पाळावे. चोख नोंदवही हाही छापाचाच एक भाग आहे.

चूक झाली म्हणजे

कितीही जपले तरी एखादे दिवशी गिझर बिघडेल, किल्ली हरवेल, पाण्याचा टँकर येणार नाही. त्या वेळी नावाची खरी परीक्षा होते. पाहुण्याने सांगण्यापूर्वी आपणच जाऊन सांगावे. चुलीवर पाणी तापवून बादली वर पोचवावी. आणि वचन मोडले म्हणून त्या दिवसाचे भाडे आपण होऊन कमी करावे. पाहुणा संगणकावर तक्रार लिहून गेला तर त्याच्याशी वाद घालू नये. काय घडले, काय दुरुस्त केले, एवढे दोन ओळींत लिहावे. पुढचा वाचक तक्रारीइतकेच उत्तरही वाचत असतो. पैसे देऊन खोटी स्तुती लिहवून घेणे हा तर सरळ खोटेपणा. घराच्या देवासमोर बसून जो हिशेब दाखवता येणार नाही तो धंद्यातही नको.

घरी सोडवावयाचे प्रश्न

पाठ संपला. रविवारी जेवणानंतर घरातल्या सर्वांनी पुढील प्रश्नांची उत्तरे एका कागदावर लिहावीत.

१. आपल्या खोलीत कोणाची सोय सर्वांत चांगली होईल?

२. आपण कोणती पाच वचने वर्षभर, आजारपणात आणि लग्नसराईतही पाळू शकू?

३. आपल्या जागेतले कोणते दोन दोष आपण आजपर्यंत लपवले?

४. आजपर्यंत कोणाला 'खोली दिली गेली' असे खोटे सांगून परत पाठवले, आणि का?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर कागदावर लिहिण्यास लाज वाटली तर मनात लिहावे; पण लिहावे. मग सुतळीला बांधलेला तो पुठ्ठा उतरवावा आणि रंगाऱ्याला बोलवावे. येत्या १४ एप्रिलला एखादी म्हातारी बाई, नातवाचा हात धरून, विदर्भातून रात्रीचा प्रवास करून तुमच्या दारासमोर उभी राहील. तिला पाटी वाचता येत असेल किंवा नसेलही. दार कसे उघडते ते मात्र तिला नक्की कळेल, आणि गावी परतल्यावर ती जे सांगेल तेच तुमच्या घराचे नाव.